पाच रात्री, चार मुक्काम आणि आजोबांचे गुडघे

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण लास वेगासला उतरतोय. आम्ही दोघं, चौथीतला मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे. हातात पाच रात्री आहेत. झायन, ब्राइस, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली, अँटेलोप आणि ग्रँड कॅनियन, सगळं कसं बसवू?"

ताई, बसवू नका. मी लास वेगासला राहतो आणि गेली सोळा वर्षं भारतातून आलेल्या कुटुंबांना गाडीत घालून याच रस्त्यानं नेतो. त्यातली निम्मी तरी आपली मराठी असतात. तुमच्यासारखी यादी घेऊन आलेल्या एका कुटुंबाला सुरुवातीच्या काळात मी हौसेनं चार दिवसांत सहा ठिकाणं दाखवली. परतताना विमानतळावर त्यांच्या मुलीला विचारलं, काय आवडलं? ती म्हणाली, "त्या दुसऱ्या हॉटेलचा स्विमिंग पूल." तेव्हापासून मी नकाशा बाजूला ठेवतो आणि आधी दोनच गोष्टी विचारतो: गाडीत सगळ्यात हळू चालणारं माणूस कोण, आणि सगळ्यात लवकर झोपणारं कोण? सहल त्या दोघांच्या मापानं शिवायची.

आर्चेस आणि मॉन्युमेंट व्हॅली काढून टाका. आर्चेस ब्राइसहून साडेचार तासांवर आहे आणि तुमच्या वाटेवर अजिबात नाही. मॉन्युमेंट व्हॅली पेजहून, म्हणजे अँटेलोपला खेटून असलेल्या गावाहून, दोन तास आणि तिथून ग्रँड कॅनियन आणखी तीन तास, म्हणजे एक अख्खा दिवस खिडकीतून बघण्यात जातो. उरलेल्या चार जागांचा मात्र सुरेख वळसा होतो. लास वेगासहून झायन १६० मैल, झायनहून ब्राइस ८५, ब्राइसहून पेज १५०, पेजहून ग्रँड कॅनियनची दक्षिण कड साधारण १४० आणि तिथून परत लास वेगास २८०. सगळे मिळून आठशेच्या थोडे वर मैल, म्हणजे तेराशे किलोमीटर. पाच रात्रींची वाटणी अशी करा: झायनच्या दाराशी स्प्रिंगडेल गावात दोन, ब्राइसला एक, पेजला एक, ग्रँड कॅनियनला एक. पहिल्या मुक्कामाला दोन रात्री मी मुद्दाम देतो. विमानाचा शीण, तीन तासांचा वेळेचा फरक आणि म्हाताऱ्या माणसांचं पोट हे सगळं एका जागी सावरलं की पुढे रोज बॅगा भरण्याचा त्रास सोसवतो.

गाडी मिनिव्हॅन घ्या. हौसेनं उंच एसयूव्ही घेणारे बरेच भेटतात. मग आजोबांना दिवसातून चौदा वेळा त्या पायरीवर चढवायचं-उतरवायचं म्हणजे गुडघ्यांचं काम दरीत उतरण्याआधीच संपतं. मिनिव्हॅनचं दार सरकतं, पायरी बुटकी असते, मागे सहा जणांच्या बॅगा आणि एक थंडपेटी बसते. हा सगळा वळसा डांबरी रस्त्यानं होतो, फोर-बाय-फोरची गरज कुठेच लागत नाही. पाच वर्षांच्या मुलीला नेवाडा, युटा आणि ॲरिझोना या तिन्ही राज्यांत लहान मुलांची वेगळी सीट कायद्यानं लागते. घरची घेऊन या, भाड्यानं मिळणारीची खात्री नसते.

एक इशारा इथेच देतो. ब्राइसहून पेजला जाताना फोनचा नकाशा कधीकधी कॉटनवुड कॅनियन रोड नावाचा जवळचा रस्ता सुचवतो. तो पंचेचाळीस मैलांचा कच्चा रस्ता आहे आणि पाऊस पडून गेला की तिथली चिकणमाती साबणासारखी होते. नवा होतो तेव्हा मीही एकदा त्या मोहात पडलो. चाकं आसापर्यंत रुतली, फोनला रेंज नाही, आणि तीन तासांनी एका गुरं राखणाऱ्या भल्या माणसाच्या पिकअपनं ओढून काढलं. तुम्ही गुपचूप ८९ नंबरच्या हायवेनं कनाबमार्गे या. नकाशे घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, कारण या भागात मैलोन् मैल रेंज नसते. पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. आणि संध्याकाळ झाल्यावर हरणं रस्त्यावर येतात, म्हणून शक्यतो उजेडात मुक्कामी पोचा.

उजेडाचं म्हणाल तर घड्याळाचा घोळ आधी समजून घ्या, मोठमोठ्यांचं बुकिंग यात बुडालेलं मी पाहिलंय. ऑक्टोबरमध्ये युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं. म्हणजे वेगासहून दुपारी एकला निघून पावणेतीन तास गाडी चालवलीत, तर स्प्रिंगडेलला पावणेपाच वाजलेले असतात. पुढे पेजला आलात की तो तास परत मिळतो, कारण ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. पण पेजला खेटूनच असलेली नावाहो या मूळ अमेरिकी लोकांची भूमी ती पाळते! त्यामुळे पेजमध्ये फिरताना फोन जवळचा टॉवर पकडून मनाला येईल तसा एक तास पुढेमागे उड्या मारतो. अँटेलोपच्या सहली पेजच्या वेळेनं चालतात. तिथे असताना फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा, किंवा आजोबांच्या मनगटी घड्याळावर विसंबा. ते एकटंच शहाणं असतं.

आता झायन. हे १९१९ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. मुख्य दरीत मार्च ते नोव्हेंबर खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाची फुकट बस असते. लोकांना ही अडचण वाटते, मला सोय वाटते, कारण चालवणाऱ्यालाही मान वर करून कडे बघता येतात. फक्त सकाळी लवकर हजर राहा. पर्यटक केंद्राजवळचा वाहनतळ आठ-नऊपर्यंत भरून जातो. स्प्रिंगडेलमध्ये मुक्काम असला की गाडी हॉटेलवरच ठेवून गावातल्या फुकट बसनं दारापर्यंत या.

बसनं थेट शेवटच्या थांब्यापर्यंत जा, टेंपल ऑफ सिनावावा. तिथून नदीच्या काठानं रिव्हरसाइड वॉक नावाची फरसबंद वाट आहे, जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. सुरुवात अगदी सपाट आहे, पुढे थोडे चढउतार लागतात. आजोबांना जमेल तिथपर्यंत जाऊन बसू द्या, नदी सगळीकडे तीच आहे. वाट संपते तिथे दोन्ही कडे इतके जवळ येतात की पुढे नदी हीच वाट. यालाच नॅरोज म्हणतात. ऑक्टोबरात पाणी चांगलंच थंड असतं. तरी चौथीतल्या मुलाला घेऊन त्याच्या बाबांनी अर्धा-पाऊण तास पाण्यातून जावं. गावात जाड मोजे, पाण्याचे बूट आणि काठी भाड्यानं मिळतात. काठी नको म्हणू नका, तळाचे गोटे बॉलिंगच्या चेंडूसारखे गोल आणि शेवाळलेले असतात. आणि मुलांना नदीचं पाणी तोंडात घेऊ देऊ नका. २०२० पासून या नदीत विषारी शेवाळ सापडत आलंय, त्यामुळे उद्यानाच्या दारावर त्या दिवशीची सूचना वाचूनच पाय घाला.

दुपारी बारा ते तीन झायन लॉजपुढच्या हिरवळीवर पडा. मोठं कॉटनवुडचं झाड आहे, सावली आहे, स्वच्छतागृह आहे. मुलं लोळतील, आजी डुलकी काढतील. दऱ्यांच्या मुलखातला हा माझा सगळ्यात पक्का नियम: सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे दोन तास बघण्याचे, मधली दुपार झोपेची नाहीतर गाडीची. भर दुपारच्या उन्हात खडकाचा रंगच मरतो. तोच कडा सकाळी विटकरी आणि संध्याकाळी केशरी दिसतो.

एंजल्स लँडिंगचं नाव कोणीतरी तुमच्या यजमानांच्या कानात घातलेलं असणार. साखळ्या धरून चढायचं ते टोक. २०२२ पासून तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तर मुळीच जायचं नाही. त्याऐवजी तिसऱ्या दिवशी ब्राइसला निघताना पूर्वेकडच्या बोगद्यातून जा. १९३० साली पुरा झालेला हा १.१ मैलाचा बोगदा कड्याच्या पोटातून कोरलाय आणि त्याला मधूनमधून खिडक्या आहेत. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर खिडकी निसटते. बोगद्याच्या पलीकडे जमीनच बदलते. खडकाच्या अंगावर तिरप्या रेघांच्या लाटा दिसू लागतात. त्या खरोखरच्या वाळूच्या टेकड्या आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या. वारा ज्या बाजूनं वाळू लोटत होता ती बाजू अजून खडकात वाचता येते. चेकरबोर्ड मेसा नावाच्या टेकडीपाशी दहा मिनिटं थांबून मुलांना त्या रेघांवरून वाऱ्याची दिशा ओळखायला लावा. सहलीभर "अजून किती वेळ" ऐकण्यापेक्षा हा उद्योग बरा.

ब्राइसबद्दल लोकांचा अंदाज हमखास चुकतो तो थंडीचा. झायनला दुपारी पंचवीस अंश असतात आणि दोन तासांनी तुम्ही अशा जागी उतरता जिथे पहाटे पारा शून्याखाली जातो. ब्राइसची कड २,४०० ते २,७०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे मुक्कामच कळसूबाईच्या दीडपट उंचीवर! सासूबाईंच्या डॉक्टरांना या उंचीबद्दल निघण्याआधी विचारून घ्या. पहिल्या संध्याकाळी हळू चाला, पाणी प्या, जेवण हलकं ठेवा. डोकं दुखलं, धाप लागली तर हट्टानं रेटू नका. खाली उतरणं हाच उपाय आहे आणि पेज तर जवळजवळ निम्म्या उंचीवर आहे. स्वेटर, कानटोप्या, मोजे मोठ्या बॅगेच्या तळाशी न ठेवता वेगळ्या पिशवीत हाताशी ठेवा. आजोबांचा मफलर इथे खऱ्या अर्थानं कामाला येतो.

नावात कॅनियन असलं तरी ब्राइस ही खरी दरी नाही, कारण ती कोण्या नदीनं कोरलेली नाही. पठाराची कड पाऊस आणि गोठणाऱ्या पाण्यानं कुरतडली आणि तिचे हजारो सुळके उरले. त्यांना हूडू म्हणतात. फटीतलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, वर्षातल्या बहुतेक महिन्यांत हाच खेळ चालतो. तुम्ही दुपारी तीनच्या सुमारास पोचाल. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा कडेवरचा अर्ध्या मैलाचा रस्ता फरसबंद आणि जवळजवळ सपाट आहे, बाकं आहेत. आजी-आजोबांचं ब्राइस तेवढंच, आणि तेवढ्यात सगळं दिसतं. तुम्ही दोघांपैकी एकानं मुलाला घेऊन क्वीन्स गार्डन आणि नावाहो लूप मिळून होणारी तीन मैलांची वाट करा. उतरताना मजा वाटते, वर येताना उंची जाणवते. मुलगीही येईन म्हणेल. येऊ दे, पण परतीत ती कोणाच्या खांद्यावर बसणार ते उतरण्याआधी ठरवा.

रात्रीचं विसरू नका. ऑक्टोबरात इथे सातच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे सव्वाआठला मुलं जागी असतानाच आकाश पूर्ण काळं होतं. चंद्र नसेल तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. न्यू जर्सीच्या मुलांनी ती पाहिलेली नसते. आजोबांनी बहुधा लहानपणी गच्चीवरून पाहिलेली असते आणि मग ते बोलू लागतात. मी अशा वेळी गाडीत जाऊन बसतो.

चौथ्या दिवशी ब्राइसचा सूर्योदय साडेसातच्या सुमारास, म्हणजे कोणाला फार छळावं लागत नाही. नाश्ता करून निघा, अडीच तासांत पेज. तिथे हॉर्सशू बेंड संध्याकाळी बघा. कोलोरॅडो नदी घोड्याच्या नालेसारखी वळते, तिच्या हजार फूट वर तुम्ही उभे. वाहनतळापासून जाऊन-येऊन अडीच किलोमीटर चालावं लागतं, वाट पक्की आहे पण सावली जवळपास नाहीच. वाहनतळ पेज नगरपालिकेचा आहे, १० डॉलर लागतात आणि राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही.

कठडा तिथे एका भागातच आहे, आणि ग्रँड कॅनियनलाही बहुतेक कडेला कठडा नाही. म्हणून मी गाडीतून कोणालाही उतरवण्याआधी नावं घेऊन वाटणी करतो: हे मूल यांच्या हातात, ते त्यांच्या. "मला वाटलं तुझ्याकडे आहे" हे वाक्य दरीच्या काठावर उच्चारायची वेळ येता कामा नये. आणि फोटोसाठी कोणीही मागे मागे सरकायचं नाही. "अजून थोडं मागे" म्हणणाऱ्या फोटोग्राफरला मी सरळ ओरडतो, मग तो कोणाचा का मेव्हणा असेना.

अँटेलोप कॅनियन ही वालुकाश्मातली अरुंद घळ. भंडारदऱ्याजवळची सांदण पाहिली असेल तर कल्पना येईल. फक्त तिथे काळा कातळ आणि इथे मेणासारखा वळलेला केशरी दगड. ही जागा नावाहो राष्ट्राची आहे, त्यांच्या वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, राष्ट्रीय उद्यानांचा पास इथेही चालत नाही. वरची आणि खालची असे दोन भाग आहेत. खालच्या भागात लोखंडी शिड्या आणि तीव्र जिने आहेत, आजोबांना ते नको. वरचा भाग तळाला सपाट आहे, त्यांच्या गाडीनं तोंडापर्यंत नेतात. दुपारी छतातून उजेडाचा जो सरळ खांब फोटोत दिसतो, तो उन्हाळ्याच्या महिन्यांतला. ऑक्टोबरच्या मध्यात तो नसतो, म्हणून मधल्या वेळेच्या महागड्या सहलीचा आग्रह धरू नका. सकाळची घ्या.

वरच्या घळीचं नावाहो भाषेतलं नाव आहे 'त्से बिघानिलिनी', खडकांतून पाणी वाहतं ती जागा. नावातच इशारा आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी काही मैलांवर पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळीत शिरला आणि ११ पर्यटक गेले. डोक्यावर आकाश निळं असताना पाणी येऊ शकतं, हे आपल्याकडे पावसाळ्यात ओढा ओलांडणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही, पण वाळवंट म्हटलं की तोच माणूस गाफील होतो. २०१५ च्या सप्टेंबरात झायनच्या एका घळीत असेच सात जण वाहून गेले. जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा इथला मान्सून. तुम्ही त्यानंतर येताय ते उत्तम, तरी वाटाड्यानं सहल रद्द केली तर वाद घालू नका. खरं तर त्याला चहा पाजा.

ग्रँड कॅनियनला पेजहून कॅमेरॉनमार्गे पूर्वेच्या दारानं या. वाटेत नावाहो बायांचे दागिन्यांचे ठेले लागतात, आणि फ्राय ब्रेड मिळतो, म्हणजे आपल्या भटुऱ्याचा भाऊच. शाकाहारी असाल तर तो कशात तळला ते विचारा, चरबीत तळण्याचीही पद्धत आहे. पूर्वेकडून आलं की पहिलाच थांबा डेझर्ट व्ह्यू. मेरी कोल्टर या वास्तुकार बाईनं १९३२ साली बांधलेला सत्तर फुटी दगडी बुरूज तिथे आहे आणि खाली नदीसुद्धा दिसते, जी बऱ्याच ठिकाणांहून दिसतच नाही. तिथून मुख्य वस्तीपर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरमध्ये थांबत थांबत या.

आजी-आजोबांसाठी इथे एक गंमत राखून ठेवा. दरीतल्या सुळक्यांची नावं नकाशावर बघायला सांगा: विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, कृष्णा श्राइन, रामा श्राइन. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाला हे सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले. विष्णू आणि शिव ही नावं त्यानं दिली आणि पुढच्यांनी तीच रीत चालू ठेवली. दरीच्या तळाच्या काळ्या खडकालासुद्धा विष्णू शिस्ट म्हणतात, वय सुमारे १७० कोटी वर्षं. यावापाई पॉइंटवर भूगर्भाचं छोटं संग्रहालय आहे, मोठ्या काचेतून समोर दिसणाऱ्या सुळक्यांची नावं खाली लिहिली आहेत, आत ऊब आहे आणि बसायला जागा आहे. एकदा एका आजींनी तिथे काचेआडून ब्रह्माला नमस्कार केला आणि मला विचारलं, "याची पूजा करत नाहीत ना आपल्याकडे फारशी? म्हणून इकडे आला असेल."

साताऱ्याच्या माणसाला हे थर ओळखीचे वाटतील. आपल्या घाटातही असेच आडवे पायऱ्यांसारखे कडे आहेत. फरक एवढाच की आपले थर लाव्ह्याचे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. इथे तुम्ही ज्या कडेवर उभे असता तो सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात तरुण थरसुद्धा २७ कोटी वर्षांचा, आणि तो समुद्राच्या तळाचा चुनखडक आहे. आजोबांना हे सांगायचं काम मुलाकडे द्या. तिन्ही उद्यानांत मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका मिळते. ती भरून दिली की रेंजर हात वर करून शपथ घ्यायला लावतात आणि बिल्ला देतात. त्या बिल्ल्यासाठी मुलं असले आकडे घडाघड पाठ करतात.

दरीत खाली उतरायचा मोह आवरा. ब्राइट एंजल वाटेनं अर्धा तास खाली गेलात तर वर यायला तास धरा. काठावरची रिम ट्रेल बऱ्याच भागात फरसबंद आहे, तिथे व्हीलचेअर जाते. आजोबांना व्हीलचेअरची लाज वाटत असेल तर ती मुलीची म्हणून घ्या. हा उपाय मी अनेकदा केलाय, दहाव्या मिनिटाला आजोबा बसतात. आणि खारींना खायला घालू देऊ नका. त्या धीट आहेत आणि कडकडून चावतात.

उत्तरेच्या कडेवर राहा असं जुन्या व्हिडिओंत सांगतात. तिथला जुना लॉज २०२५ च्या जुलैमधल्या वणव्यात जळाला. तसंही उत्तर कड तुमच्या वळशात बसत नाही. समोरासमोर दहा मैल दिसते, रस्त्यानं दोनशेच्या वर आहे.

खाण्याचं सांगतो, कारण सहल मोडते ती बहुधा इथेच. स्प्रिंगडेलमध्ये मोठं वाणसामानाचं दुकान नाही. वेगास किंवा सेंट जॉर्जला थंडपेटी, बर्फ, दही, फळं, ब्रेड, पाणी भरून घ्या. युटाच्या लहान गावांत रविवारी बरंच काही बंद असतं. न्यू जर्सीहून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, उपम्या-पोह्यांची तयार पाकिटं आणि एक विजेची किटली आणा. खोलीत फोडणी मात्र करू नका. धुराचा भोंगा वाजून अख्खं मोटेल पायजम्यात अंगणात उभं राहिलेलं मी पाहिलंय. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. इथे घाम येतो तो लगेच वाळतो, त्यामुळे तहान लागलीय हे कळतच नाही. आजी-आजोबा तर स्वच्छतागृह शोधावं लागेल म्हणून मुद्दाम कमी पितात. त्यांना दर थांब्यावर स्वच्छतागृह आधी दाखवा, मग पाणी द्या. लिंबू-मीठ-साखर बाटलीत तयार ठेवा. ओठांना आणि नाकात लावायला व्हॅसलीन ठेवा, कोरड्या हवेनं मुलांच्या नाकातून रक्त येतं, घाबरू नका. गोळ्या डिकीतल्या बॅगेत नकोत, सासूबाईंच्या पर्समध्ये हव्यात.

पैशांचं: झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन, प्रत्येकी गाडीमागे ३५ डॉलर, म्हणून ८० डॉलरचा वार्षिक पास स्वस्त पडत आलाय. शिवाय तुमचा मुलगा चौथीत आहे. अमेरिकेत राहणाऱ्या चौथीतल्या मुलांना वर्षभराचा पास फुकट मिळतो, २०२५ पर्यंत त्याचा कागद छापूनच आणावा लागत असे. पण २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांसाठी दर वेगळे झाले आहेत. त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, आणि पास नसेल तर या तिन्ही उद्यानांत १६ वर्षांवरच्या माणसाला माणशी १०० डॉलर जादा. सासू-सासरे पाहुणे आहेत, तेव्हा कोणता पास कोणाला लागू पडतो ते उद्यान सेवेच्या पानावर वाचून मगच खरेदी करा. ओळखपत्रं आणि पासपोर्ट हाताशी ठेवा.

शेवटच्या दिवशी ग्रँड कॅनियनचा सूर्योदय मॅदर पॉइंटला बघा, नाश्ता करून दहाच्या आत निघा. विल्यम्सला चहा, किंगमनला जेवण, साडेचार तासांचं चालवणं थांबे धरून सात तास होतं. ॲरिझोना आणि नेवाडाचं घड्याळ त्या काळात एकच असतं, त्यामुळे तास जाण्याची भीती नाही. तरी रात्री नऊच्या आधीचं विमान घेऊ नका.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. आधी ग्रँड कॅनियनच्या काठावरची खोली बघा, त्या वर्षभर आधीपासून भरत जातात. नाही मिळाली तर दारालगतच्या टुसायान गावात घ्या. मग ब्राइस, मग अँटेलोपची सकाळची वेळ, मग स्प्रिंगडेल आणि पेज, सगळ्यात शेवटी गाडी. स्प्रिंगडेलची खोली तळमजल्यावरची मागा, आणि जिथे जिथे लिफ्ट नाही तिथेही. मुलीसाठी हॉटेलांना पूल आहे ना, तेही बघा.